तिसऱ्या पट्ट्याची भोके

“डेलच्या हातात पुन्हा हे काम देऊ नकोस,” असे बाबा म्हणाले तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि ते बँडेजमधले पाय स्टुलावर ठेवून बसले होते. ते वाक्य मी आजवर पाळले. हे मृत्युपत्र मुख्यतः ते मोडण्यासाठी आहे.

मी, करिन पेल्टोमा, दिवंगत ऑनी पेल्टोमा यांची मुलगी, वय सेहेचाळीस, राहणार पाइक बे, धंदा जुन्या स्नोमोबाइलचे, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाड्यांचे, ट्रॅक (चाकांऐवजी फिरणारे पट्टे) बांधून देणे, हे सर्व स्वतःच्या मर्जीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप मात्र नाही, ती पुढच्या आठवड्यात गुरुवारी बदलणार आहेत. एका जागी बसवत नाही. दोन ओळी झाल्या की खिडकीशी जाऊन थर्मामीटर बघते. का, ते पुढे येईल.

१. राहते घर आणि अंगणातली सॉना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, डेलची मुलगी, माझी भाची केली, हिला मिळावी. अट एकच: शनिवारी सॉना तापवावी आणि दाराशी आलेल्याला परत पाठवू नये. आपल्यात तसे करत नाहीत. केलीला सॉनात फोन नेण्याची सवय आहे, ती तिने सोडावी.

२. बँकेतली शिल्लक, दवाखान्याची देणी भागल्यावर, गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला द्यावी. तळ्यावर बाबांना शोधून आणणारे तेच होते.

३. शेजारी गॉर्डी हॉलो याने माझे बर्फ ढकलायचे मोठे फावडे नेले आहे. ते त्याला दिले असे समजावे. फक्त ते आपण विकत घेतले असे त्याने यापुढे लोकांना सांगू नये.

(खिडकीशी जाऊन आले. थंडी टिकून आहे.)

४. कामाची शेड, ड्रिल मशीन, मेपलचा ठोकळा आणि बाबांनी धार लावलेली पोलादी नळी माझा मोठा भाऊ डेल पेल्टोमा याला मिळावी. केली कधीतरी विचारेल की बाबांनी त्याला का दिली नव्हती, म्हणून इथेच लिहून ठेवते.

एकोणिसाव्या वर्षी डेलने बाबांच्या पिवळ्या गाडीचा ट्रॅक बांधायला घेतला. तीन रबरी पट्टे शेजारी शेजारी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी कांबी, आणि प्रत्येक कांब बसवायला तिन्ही पट्ट्यांत भोके. नरम रबराला साधे गिरमिट लावले की ते रबर ओढते, भोक वाकडे होते, कड फाटते. म्हणून आम्ही पट्टे रात्रभर बर्फात ठेवतो. सकाळी थंड शेडमध्येच, धारेची नळी मशीनला लावून, साबणाचे पाणी सोडत भोके पाडतो. रबराची गोल टिकली अलगद सुटते आणि कड बोटाला गुळगुळीत लागते.

डेलने दोन पट्टे असेच केले. तिसऱ्याच्या वेळी हात बधिर झाले, म्हणून पट्टा आणि मशीन दोन्ही सॉनाच्या भट्टीजवळ नेले. उबेने रबर जरासे वाढते, पोलादी मोजपट्टी तेवढी वाढत नाही. भोके स्वच्छ पडली, पण बाहेर गारठ्यात पट्टा आखडला आणि ती बाकीच्या दोघांशी जुळेनात. डेलने कांबी ठोकून बसवल्या. त्या तिरक्या राहिल्या. गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर ट्रॅक फाटला, बाबा वाऱ्यात चालत निघाले, आणि त्यांच्या डाव्या पायाची बोटे गारठून गेली.

असे का केलेस, हे बाबांनी त्याला कधी विचारले नाही. मला कळले ते त्यांच्या दफनानंतर, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना.

“हात गोठले होते गं,” डेल म्हणाला. “थोडं उबेला बसावं, एवढंच डोक्यात होतं.”

“मग सांगायचंस त्यांना.”

“त्यांच्या पायाकडे बघत सांगू?”

तो आता रस्त्यावरचे बर्फ सारणारा काउंटीचा नांगर-ट्रक चालवतो. रोज सकाळी माझी वाट शेडच्या दारापर्यंत साफ करतो आणि ट्रकमधून खाली न उतरता जातो. त्याची बायको बेव्ह मला म्हणाली, “अगं, आत बोलाव ना त्याला.”

“बोलावते. म्हणतो, बूट ओले आहेत.”

“बूट नोव्हेंबरपासून ओलेच आहेत त्याचे.”

गेल्या आठवड्यात मीच ट्रकच्या खिडकीशी गेले. “आत ये, कॉफी ठेवलीय.”

“नको. बाबा भिंतीवरून बघतात.”

“फोटो काढून ठेवते.”

“तरी बघतील.”

५. ती पिवळी गाडी त्या दिवसापासून ट्रॅकविना ठोकळ्यांवर उभी आहे. तीही डेलची. तिच्या नव्या ट्रॅकचे दोन पट्टे मी केले आहेत. तिसरा बाहेर बर्फात पडून आहे. मशीनचा दांडा ओढायला डॉक्टरांनी मला मनाई केली आहे. आज थंडी अगदी मी ते दोन पट्टे केले त्या दिवसासारखी आहे, पण शनिवारी दक्षिणेचा वारा येतोय. बर्फ वितळले की तिसरा पट्टा त्या दोघांशी जुळायचा नाही, आणि पुढच्या हिवाळ्याचा भरवसा मला सध्या देता येत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

करिन पेल्टोमा
साक्षीदार: लोर्ना कांगास, पास्टर वेस्ली टुओमी
पाइक बे, अप्पर मिशिगन. बुधवार, ४ फेब्रुवारी

वकीलबाई म्हणाल्या, जिवंतपणीची मागणी मृत्युपत्रात घालता येत नाही. म्हणून ही मागणी सह्यांच्या खाली. लोर्ना याची प्रत आजच डेलच्या ट्रकमध्ये ठेवील.

डेल, उद्या सकाळी वाट साफ झाली की इंजिन बंद कर आणि आत ये. तिसऱ्या पट्ट्याची भोके तू पाड. मी बाजूला बसेन, शिकवणार नाही. हात गोठले तर दोघे मिळून थांबू. तू नाही म्हणशील, ते मला ठाऊक आहे. तरी ये. बूट ओले असले तरी चालतील.