हिलरीच्या गाडीसाठी जिग

४ मे १९९८, सोमवार
थंडी. पाऊस नाही. सकाळी बँकेत, दुपारी गॅरेजमध्ये. हिलरीच्या गाडीवरची ताडपत्री काढली. हिलरी जाऊन आज सात आठवडे झाले.
गाडीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, दोन्ही कडांनी सडली आहे. स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. बाकी गाडी ठीक आहे.
निर्णय: गाडी मी स्वतः दुरुस्त करणार. १३ सप्टेंबरला, हिलरीच्या वाढदिवशी, तिची रक्षा तिच्याच गाडीतून रन्सविकच्या किनाऱ्यावर नेणार. संध्याकाळी मुलीला, ब्रिजेटला, फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, डॅड, तुम्ही आजवर सायकलची चेन तरी चढवली आहे का? मी फोन ठेवला. रागाने नाही. बोलणं संपलं होतं.

९ मे
हिलरीच्या मोटार क्लबाकडून पत्र. लिहिणारा कोणी ग्विलिम प्यू. सांत्वनाच्या दोन ओळी आणि लगेच मुद्दा: गाडीचं काही करायचं मनात असेल तर क्लबाची जिग आहे, घेऊन जा. भाडं नाही, परत आणताना फक्त बिस्किटांचा डबा आणायची पद्धत आहे.
पुस्तकात पाहिलं. जिग म्हणजे जाड लोखंडी चौकट. चॅसी तिच्यावर बोल्टांनी आवळून ठेवायची, म्हणजे सडलेला भाग कापून नवा जोडताना ती वाकत नाही. एवढंच. त्यासाठी लोकांच्या दारात डबा घेऊन उभं राहायचं? मी एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. या भागातला एकही खाटिक माझ्या शिक्क्याशिवाय काटा वापरत नव्हता. जिग मी बनवीन.
पत्राला उत्तर दिलं नाही.
हिलरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या क्लबात जायची. निघताना विचारायची, येतोस का? मला रविवारी कामं असायची.

२३ मे
लोखंड आलं. देणारा म्हणाला, गेट करताय का काका? एवढ्यात बैल कोंडता येईल. मी म्हटलं, माल उतरव.
दोन नळ्या तीन मिलिमीटरने कमी निघाल्या. त्याच्यासमोर मोजून दाखवल्या. म्हणाला, तीन मिलिमीटरने कोण मरतंय? अशाच माणसांमुळे देश या थराला आला.

७ जून
भाड्याच्या कप्पीने बॉडी वर उचलली आणि चॅसी मोकळी केली. दोन्ही टोकं विटांच्या थरांवर टेकवली. मग तीन दिवस मापं घेतली. चौसष्ट ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी तीनदा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. खात्यात असताना असं काम करणारा मी एकटाच होतो. निरोप समारंभात कोणी त्याचा उल्लेख केला नाही, ती गोष्ट वेगळी.

१४ जून
शेजारच्या मिसेस ओल्डरॉइड कुंपणाशी आल्या. मिस्टर हॉर्सफॉल, तुमचं ते ग्राइंडर सुरू झालं की माझा पोपट स्वतःची पिसं उपटतो हो. मी शांतपणे सांगितलं की पोपटाला म्हणावं, १३ सप्टेंबरपर्यंत कळ काढ. त्या म्हणाल्या, हिलरी होती तोवर या घरातून गाण्याचा आवाज यायचा. मी ग्राइंडर सुरू केलं.

२८ जून, दुपारी ४
जिग तयार. चॅसी वर ठेवली. बारा बोल्ट, सगळे नुसत्या बोटांनी आत गेले. एकालाही हातोडी दाखवावी लागली नाही. आवळल्यावर पुन्हा चौसष्ट मापं घेतली. फरक शून्य.
क्लबवाल्यांनी येऊन बघावं. बोलावणार मात्र नाही.

१९ जुलै
डावी बाजू कापून नवी जोडली. डावा हात दोनदा भाजला. वेल्डिंग दिसायला खडबडीत आहे, पण चॅसीचं तोंड जमिनीकडे असतं.
ब्रिजेट न कळवता आली. हिलरीची रक्षा मी गॅरेजच्या फळीवर ठेवली आहे, रंगाच्या डब्यांशेजारी. काम तिच्यासमोर व्हावं हा हेतू. ब्रिजेट ते पाहून ओरडलीच. म्हणाली, वीस वर्षं आई या गॅरेजमध्ये एकटी खटपट करत होती. तेव्हा तुम्ही दिवाणखान्यात पेपर वाचत होता. आता आलात होय?
मुलीने बापाशी असं बोलू नये. हे वळण तिला कोणी लावलं, कळत नाही.
नवीन नियम: रविवारी पाहुणे नकोत.

२ ऑगस्ट
उजवी बाजू झाली. चॅसीला काळा रंग दिला. वेळापत्रकाच्या चार दिवस पुढे आहे. हे कोणाला सांगावं असं वाटलं. ब्रिजेटच्या घरी फोन कोणी उचलला नाही. तिच्याकडे नंबर दिसणारा फोन आहे.

१६ ऑगस्ट
बॉडी परत चढवली. दारं लागत नाहीत.
दोन्ही दारांची तीच तक्रार. वरच्या बाजूला फटच उरली नाही, पत्र्यावर पत्रा घासतो. खाली मात्र बोट जाईल एवढी जागा. दोष दारांचा आहे हे उघड आहे. चौतीस वर्षांची दारं, आकार सोडणारच.

२२ ऑगस्ट
आठवडाभर दारं कानशीने घासली. आता ती लागतात, पण उघडत नाहीत. डावं दार लाथेने उघडलं. आतलं हँडल माझ्या हातात आलं. मिसेस ओल्डरॉइडनी खिडकी बंद केल्याचा आवाज आला. एवढं मोठ्याने बोललो असेन असं वाटत नाही.

३० ऑगस्ट, रविवार
ग्विलिम प्यू आला. ब्रिजेटने बोलावलं होतं. सत्तरीचा, बुटका वेल्श माणूस. माझ्या गॅरेजमध्ये येऊन त्याने हिलरीच्या स्टुलावर बूड टेकलं, जणू रोजचा. मग जमिनीवर आडवा झाला आणि चॅसीच्या कडेने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध चॅसी दोरीच्या खाली गेली होती. एकोणीस मिलिमीटर.
मी म्हटलं, माझी मापं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर आहेत.
म्हणाला, आहेतच की हो विल्फ. म्हणून तर पंचाईत झाली. सडलेली चॅसी मधे खचलेली असते, सगळ्यांचीच. तुम्ही तो बाक नीट मोजलात, त्याच्याबरहुकूम जिग केलीत आणि वेल्डिंग करून कायमचा पक्का केलात. आमची जिग कोऱ्या चॅसीवरून केलेली आहे.
मी म्हटलं, हे पत्रात का लिहिलं नाही? म्हणाला, पत्राला उत्तर आलं असतं तर लिहिलं असतं.
आता सगळं कापून पुन्हा करायचं. चार महिने तरी. हातात दोन आठवडे.
जाताना दारात थांबला. म्हणाला, क्लबाच्या जिगसाठी हिलरीचा नंबर दोनदा आला होता. दोन्ही वेळा तिने पुढच्याला दिला. म्हणायची, विल्फ रिटायर झाला की आम्ही दोघं मिळून करू.
मी त्याला निघून जायला सांगितलं. काय शब्द वापरले ते लिहीत नाही.
मी रिटायर होऊन चार वर्षं झाली.

६ सप्टेंबर
ब्रिजेटचा फोन. ग्विलिमची गाडी हिलरीच्या गाडीसारखीच आहे, टप उघडणारी. तो आईला घेऊन जाईल म्हणतो, तुम्ही पुढे त्याच्याशेजारी बसा. मी म्हटलं, तारीख पुढे ढकलू. ती म्हणाली, डॅड, तारीख आईची आहे, तुमची नाही.
बरं म्हटलं.

१३ सप्टेंबर, रविवार
निघालो सकाळी सातला. ऊन. ग्विलिमच्या गाडीचं टप उघडं होतं. दार त्याने एका बोटाने लावलं. पुढे ब्रिजेट बसली, मांडीवर हिलरी. मी बसलो नाही. माझी करडी गाडी घेऊन मागे निघालो, खिडक्या बंद करून. नव्वद मैल त्यांच्या मागे, ताशी चाळीसने. मागचे लोक हॉर्न वाजवत पुढे जात होते. मी एकाला खिडकी उघडून शिवी दिली. मग खिडकी उघडीच राहू दिली.
किनाऱ्यावर वारा समुद्राकडून होता. ग्विलिम म्हणाला, वाऱ्याकडे पाठ करून टाकू या, नाहीतर ती परत आपल्याच अंगावर यायची. ब्रिजेट हसली आणि हसता हसता रडू लागली. मी रक्षेचा डबा घेतला आणि पाण्यात गेलो, गुडघ्यांपर्यंत, बूट न काढता. वाकून डबा पाण्यातच उलटा केला.
परत येताना एकटाच आलो. ब्रिजेट म्हणत होती, आमच्याकडे जेवा. मी म्हटलं, कामं आहेत. बूट मागच्या दारात ठेवले. मोजे सिंकमध्ये धुतले, वाळू निघेपर्यंत, आणि दोरीवर वाळत घातले.