पान एकशे चौदावरची पडीक जमीन

१२ जानेवारी
बाबांना जाऊन दोन महिने झाले. पीएच.डी. मिळून तीन. पुढच्या अभ्यासवृत्तीचा अर्ज महिनाअखेर द्यायचाय. माझे गाइड हरिहर सर म्हणतात, "तोच विषय पुढे ने. पेशवाईतला साष्टीचा शेतसारा. मोडी वाचणारे उरलेत किती?"
अर्जात अजून काही लिहिलं नाही.

१५ जानेवारी
स्वप्नात पांढरे ढीग. बाबा त्यांच्यामधून अनवाणी चाललेले. हाक मारली, पण आवाज पाण्यातून जात होता. दिवसभर डोंबिवलीच्या या घरात खाडीसारखा वास येत राहिला.

१९ जानेवारी
ठाण्यात बाळकुमला आत्याकडे गेलेले. एकोणिसावा मजला, खिडकीत खाडी. स्वप्न सांगितलं. तुळसाआत्या मेथी निवडता निवडता म्हणाली, "मीठ गो त्ये. तुजा बापूस नि मी मिठागरातच वाढलो. आता ती समोरची बिल्डिंग हाय ना, तिथं झोपडीत. फळीनं मीठ ओढून त्याच्या हातांना भेगा पडायच्या."
"मला कोणी सांगितलं नाही."
"तू इचारलंस कदी? म्हाताऱ्या कागदांशी गप्पा मारत बसायचीस."
बाबांचा इतिहास माझ्यासाठी कंपनीतल्या नोकरीपासून सुरू व्हायचा.

२० जानेवारी
प्रबंध काढला. पान एकशे चौदा. बाळकुमच्या त्याच खाडीकाठची, साष्टीतली जमीन. कागदात धान्याचा सारा नाही, म्हणून मी लिहिलंय — पडीक. तिथे मीठ पिकत असेल, हे डोक्यातच आलं नाही.
खुल्या मौखिक परीक्षेत श्रोत्यांतून एक चिठ्ठी आलेली. सरांनी वाचली: "तिथली माणसं कशावर जगायची?" मी ठासून म्हणाले, "तिथे कोणी राहत नसे." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बाबाही वाजवत होते.
घरी येताना म्हणाले, "छान बोललीस."

२४ जानेवारी
पहाटे परत ते ढीग. या वेळी बाबा थांबले होते.
विषय बदलायचा. मिठागरातली माणसं.

२८ जानेवारी
सरांना सांगितलं. "अगं, तोंडी इतिहासातलं तुला ओ की ठो कळत नाही. पुन्हा पहिलीत बसशील."
"आत्या एकाहत्तरची आहे, सर."
सर उठले. मग कपाटातून माझी परीक्षेची फाइल काढून दिली. "घे. तुझी जागा रिकामी झाली इथली."

२९ जानेवारी
ती चिठ्ठी फाइलमध्येच होती. औषधाच्या पावतीमागे लिहिलेली.
अक्षर बाबांचं.