सरांची सही, माझा मजकूर

२ जानेवारी
मार्चअखेर सरांचा प्रोजेक्ट संपतोय, म्हणजे माझा पगारही. पोस्टडॉक फेलोशिप मिळाली तर ठीक, नाहीतर मामेसासऱ्यांच्या कोचिंग क्लासमध्ये पोरांना केमिस्ट्री शिकवायची, असं बायकोने परस्पर ठरवून टाकलंय. मी नुसता हसलो.

७ जानेवारी
फेलोशिपच्या वेबसाइट्स चाळल्या. बहुतेक ठिकाणी कटकट फार. एकच विद्यापीठ पसंत केलं. जागाही एकच. रिसर्च प्रपोजलचं शीर्षक तयार. फॉण्ट ठरवण्यात दुपार गेली.

१२ जानेवारी
संकल्प: रोज सकाळी आठला लॅब. आज साडेअकरा झाले. ट्रॅफिक. (लॅब समोरच्याच गल्लीत आहे, पण गल्लीत काय ट्रॅफिक नसतो?)
चिमटा आधीच हजर. चिमटा म्हणजे आमची ज्युनियर. काचेची प्रत्येक वस्तू चिमट्याने उचलते, म्हणून मनातल्या मनात हे नाव. तीही त्याच फेलोशिपला अर्ज करतेय. म्हटलं, कर कर, तेवढाच अनुभव. थँक्यू म्हणाली. भाबडी आहे बिचारी.

१९ जानेवारी
सरांकडे शिफारसपत्र मागितलं. सर नेहमीप्रमाणे म्हणाले, ड्राफ्ट तूच आण, मी सही करतो. वर म्हणाले, सीनियर आहेस, तर तिचंही तूच लिही. डोकंच फिरलं. पण आपण मनाचे मोठे. खोटं लिहिणार नाही.

२३ जानेवारी
माझं पत्र झालं. तीन पानं. 'माझ्या संपूर्ण कारकिर्दीत असा विद्यार्थी पाहिला नाही.' लिहिताना डोळे पाणावले. सरांच्या मनात हेच असणार, त्यांना सुचत नाही इतकंच.
तिचं पत्र चहा गाळेपर्यंत उरकलं. 'वेळेवर येते. प्रयोग फसला तर आधी स्वतःची चूक शोधते. हिने बंद केलेला गॅस पुन्हा तपासावा लागत नाही.' एवढ्यावर कोण फेलोशिप देणार? जरा वाईटच वाटलं.
सरांनी दोन्ही पत्रांवर न वाचता सही ठोकली.

१० फेब्रुवारी
तिला मुलाखतीचा मेल आला म्हणे. मला नाही. वर्णानुक्रमे पाठवत असतील.

१५ फेब्रुवारी
मेलमध्ये बिघाड असावा म्हणून स्वतःलाच एक मेल पाठवला. लगेच आला. म्हणजे बिघाड त्यांच्याकडे.
बायको म्हणाली, मामा विचारत होते. म्हटलं, सांग त्यांना, बॅग भरतोय. माळ्यावरून बॅग काढलीसुद्धा.

४ मार्च
फेलोशिप चिमटाला. कमिटीने सरांना फोन करून सांगितलं, इतकं खरं वाटणारं शिफारसपत्र बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं. दुसरं पत्रही सगळ्यांनी मिळून वाचलं म्हणे. मोठ्याने.
थोडक्यात, कमिटीला माझंच लेखन आवडलं. तत्त्वतः मीच निवडला गेलो.
जेवण गेलं नाही. वाईट वाटलं, फार.

५ मार्च
बॅग परत माळ्यावर.

११ मार्च
क्लाससाठी मामेसासऱ्यांनाही शिफारसपत्र हवंय. नातं वेगळं, धंदा वेगळा, म्हणाले. सरांकडे गेलो. सर म्हणाले, ड्राफ्ट आण, पण या वेळी तू लिहू नकोस, तिच्याकडून घे.
तिने उभ्या उभ्या लिहून दिलं. 'हुशार आहे. लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांना पहिला प्रयोग हाच हात धरून शिकवतो. दुसऱ्यांबद्दल खरं लिहितो. वर्ग सकाळचा देऊ नये.'
शेवटचं वाक्य खोडायला सांगणार होतो, तोवर सरांची सही झाली.

१४ मार्च
मामेसासऱ्यांनी दुपारची बॅच दिली.