कार्पेट काळं झालं, आई बरी आहे

बान्टामा, कुमासी
मंगळवार

तीर्थरूप बोआतेंगमामांस,

फ्रेमाचा नमस्कार, उजव्या हाताने. (डाव्या हातात आईच्या गुडघ्याला चोळायचं तेल आहे. तो हात नमस्कारात धरू नये.) तुमची पाठ कशी आहे? मामी अजून पहाटे चालत चर्चला जातात का? तुमच्याकडे सुन्यानीत धूळ फार उडतेय असं ऐकलं. इथेही तेच, सकाळी वाळत घातलेली चादर संध्याकाळी दुसऱ्याच रंगाची निघते. आमच्याकडे सगळे बरे. आई जिवंत आहे. ही ओळ पत्रात सहसा लिहावी लागत नाही, पण या खेपेला ती आधी आणि तुमच्या पाठीची चौकशी नंतर यायला हवी होती.

शुक्रवारपासून तुम्ही फोन उचलत नाही. तिवामावशी सांगते, तुमच्या मते दोन वर्षांचा अबोला मोडून तुम्हाला बोलावून घ्यायला आम्ही मरणाची खोटी बातमी धाडली. मामा, एवढं डोकं आमच्या घरात असतं तर आम्ही ते पहिल्याच महिन्यात चालवलं असतं. यात कट कसलाच नव्हता, एक कार्पेट होतं. सगळं सांगते. वाचून झाल्यावर रागवायचं तेवढं रागवा, पण इथे येऊन रागवा. (आत्ता उठून फाटकापर्यंत जाऊन आले. हॉर्न वाजला होता. पाण्याचा टँकर होता.)

कुळाच्या बैठकीत तुम्ही म्हणालात की अक्काची गाडी भंगारात घाला, त्या विटक्या कार्पेटवर मी नव्या चपला ठेवणार नाही. आईने तुम्हाला त्याच चपला घालून चालत जायला सांगितलं, आणि तुम्ही गेलात. तेव्हापासून तिचा एकच ध्यास: कार्पेट पुन्हा पहिल्यासारखं डाळिंबी करायचं, गाडीतून सुन्यानीला यायचं आणि तुमच्या दारासमोर गाडीचा दरवाजा उघडा ठेवून बसायचं. माफी वगैरे नाही हं, फक्त दरवाजा उघडा. (याहून मऊ काही तिच्यातून निघायचं नाही, हे तुम्ही माझ्याआधीपासून जाणता.)

म्हणून गेल्या महिन्यात मी सीटा काढल्या. खाली तीन हेअरपिना, एक वाळलेलं कोलाचं बी आणि वीतभर मूळचा डाळिंबी रंग सापडला. बाकी सगळं उन्हाने खाऊन पाणचट चहासारखं केलेलं. त्या वीतभर तुकड्यापाशी मी उगाच बराच वेळ बसून राहिले. मग कार्पेट धुतलं, वाळवलं, बाजारातून पुडीचा रंग आणला आणि बुटांच्या ब्रशने घासून लावला. (पुडीवर पडद्यांचं चित्र होतं. मी म्हटलं, पडदा उभा, कार्पेट आडवं, एवढाच फरक.) वाळल्यावर डावीकडे टोमॅटोचा रंग, उजवीकडे हिरड्यांचा आणि मधे काहीच नाही. आई काठी टेकत आली, बघितलं आणि म्हणाली, "गाडीला गोवर आलाय का गं?"

तेव्हा मला ओबेंग रंगारी आठवला. घरात कोणी गेलं की आपण सगळे सुतकाची विटलेली काळी वस्त्रं त्याच्याकडेच तर नेतो. मला वाटलं, ज्याला झाडाची साल उकळून कापड रंगवता येतं त्याला कार्पेटही येईल. त्याने उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हे नेसणार कोण?" मी म्हटलं, नेसायचं नाही, अंथरायचं आहे, डाळिंबी करून द्या. तो म्हणाला, त्याच्याकडे काळा आहे आणि काळ्याहून काळा आहे. मी साधा काळा सांगितला. विटक्यापेक्षा काळा बरा, एवढाच विचार केला. तो वाळत कुठे घालतो, हा विचार करायला हवा होता.

ओबेंगच्या दोऱ्या हमरस्त्यावर आहेत. लोकांच्या सुतकाच्या वस्त्रांमध्ये आमचं कार्पेट चार दिवस लोंबत होतं, गिअरच्या भोकासकट. तिवामावशी तिथून गेली. वीस वर्षं त्याच कार्पेटवर पाय ठेवून ती चर्चला जायची, तिने ते काळोखातसुद्धा ओळखलं असतं. त्यात गुडघ्यामुळे आई तीन रविवार चर्चला गेली नव्हती, आणि त्याच आठवड्यात मी (निव्वळ हाताला चैन नाही म्हणून) समोरची भिंत रंगवून घेतली, जशी लोक अंत्यविधीचे पाहुणे यायच्या आधी रंगवतात. भिंतीला रंग, कापडाला काळं, म्हातारी दिसत नाही. आपल्याकडे एवढ्यावर कोण विचारायला येतं? मरणाची बातमी आधी मामाला कळवेपर्यंत घरचे बाहेर बोलणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. आणि मामाशी तर यांचा अबोला. म्हणून मावशीने मोठ्या मनाने तुम्हाला स्वतःच फोन केला.

शुक्रवारी सकाळी अकरा बायका काळ्या वस्त्रांत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन फाटकात उभ्या. आई व्हरांड्यात मक्याची केंकी खात होती. मावशी किंचाळली. आईने विचारलं, "कोण गेलं?" एकीने खुर्ची खाली ठेवली. "अगं सांगा ना, मलाही कपडे बदलायला हवेत!"

शेवटी कळलं तेव्हा ती खूप हसली. सगळ्यांना बसवून घेतलं आणि म्हणाली, "मी गेल्यावर माझ्याबद्दल काय काय बोलणार होतात, ते आत्ताच बोला." बोलल्या बिचाऱ्या. त्यातलं बरंच खरं होतं, आणि मी ते तिला कधीच म्हटलं नव्हतं. मी चहाचे कप धूत राहिले, धुतलेलेसुद्धा. मग मावशीने तुमच्या फोनचं सांगितलं.

"रडला?"

"रडला गं. फार."

"फोन कोणी ठेवला, त्याने की तू?"

"त्यानेच. बोलता येईना त्याला. मघाशी इथून खरं कळवलं तर नुसता ओरडला."

आईने उरलेली केंकी पानात गुंडाळून ठेवली. तेव्हापासून दर हॉर्नला मान वळवते, आणि तिच्यामागून मी फाटकाशी जाते. लोक म्हणतात मी आईच्या मरणाची तयारी करत होते. खोटं आहे, पण भिंत रंगवताना मी कशापासून पळत होते ते मला नीट सांगता येत नाही. तुम्ही इथे असता तर आम्ही दोघी जरा स्वस्थ बसलो असतो.

एक वाजताच्या बसचा ड्रायव्हर खोळंबला आहे, त्याच्याच हाती पत्र देते. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
फ्रेमा

ता. क. येताना पांढरे मोजे घालू नका. ओबेंगचा रंग सुती कापडावर बसतो, कार्पेटवर नुसता पाहुणा म्हणून राहतो. घरातल्या सगळ्यांचे तळवे काळे झाले आहेत.

ता. क. २. आम्ही गाडीतून तुमच्याकडे येऊ शकत नाही. कार्पेट कसंही असो, वर्षभरात गाडी एकदाही सुरू झालेली नाही. मेकॅनिकने हात टेकले. आईला मी हे सांगितलेलं नाही.

ता. क. ३. आईला माहीत होतं. आत्ता मागे उभी राहून वाचलं तिने. म्हणते, गाडीबद्दल त्याचंच बरोबर होतं, पण तू हे लिहायचं नाहीस, तो समोर बसला की मी माझ्या तोंडाने सांगेन. मी लिहिणार नाही असा शब्द दिला आहे. तेव्हा मामा, ती सांगेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करा.