राज्यशास्त्र आणि इस्त्री

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आडून बोलणं बाबांना जमतं, मला नाही, म्हणून सरळच लिहितो. मला राज्यशास्त्राला प्रवेश मिळालाय. तुझंच कॉलेज, तुझाच विषय. फी ऐकून आईनं आकडा दोनदा विचारला. बाबा म्हणाले की बँकेचं कर्ज काढावं लागेल, त्याला तारण म्हणून आपली लाँड्री ठेवावी लागेल, तेव्हा हे परवडतं का ते आधी ताईला विचार, तिनं तो उद्योग एकदा करून बघितलाय. तू हो म्हटलंस तर ते सही करणार. पगार किती, हप्ता किती, हातात काय उरतं, सगळं खरंखरं कळव. बँकेचा साहेब महिनाअखेरीला कागद घेऊन येतोय.

बाकी दुकान नेहमीसारखं. काल एक नवं गिऱ्हाईक आलं, तर बाबांनी त्याला सांगितलं की आमच्याकडे शर्ट जळतात, पलीकडच्या गल्लीत जा. तो हसला आणि ढीगभर शर्ट टाकून गेला.

माझ्यावर चिडलीस तरी उत्तर मात्र धाड.

तुझा,
ढब्बू

१० जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. आशीर्वादांवर व्याज नसतं, म्हणून सढळ हातानं.

तुझी विद्वान ताई घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसते. लोकांची कपाटं जिन्यात अडकतात, आरसे फुटतात आणि शिव्या मला पडतात. तीन वर्षं मी सत्तेचं विभाजन शिकले. आता ड्रायव्हर म्हणतो चूक हमालाची, हमाल म्हणतो ड्रायव्हरची, आणि मी ग्राहकाला लिहिते की चौकशी चालू आहे. शेजारच्या टेबलावरची मुलगी शाळा संपवून थेट इथे आली. पगार माझ्याइतकाच, कर्ज शून्य. ती मला प्रोफेसर म्हणते.

हिशेब विचारलास ना? पगाराचे दहा वाटे कर. चार बँकेचे, चार घरमालकिणीचे, उरलेल्या दोनांत मी, माझा बसचा पास आणि माझे विचार. अजून सात वर्षं असंच. मागे हप्ता चुकला तेव्हा बँकेतल्या माणसाचा फोन आला. मी त्याला कल्याणकारी राज्यावर व्याख्यान दिलं. बिचाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, मॅडम, भरताय कधी. इतका चांगला श्रोता मला कॉलेजातसुद्धा मिळाला नव्हता.

तेव्हा बाबांना सांग, व्यवहार आतबट्ट्याचा आहे, सही करू नका. आईला नमस्कार, तुला एक टपली.

तुझी कर्जबाजारी,
ताई

१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं धमाल उडवून दिली. बाबांनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं. बँकवाल्याच्या फोनापाशी आले तेव्हा त्यांना हसू आवरेना, गिऱ्हाइकांनी पोट धरलं. बाबांचं म्हणणं, पोरीचं झकास चाललंय. आपल्या घरात बरं चाललेल्या गोष्टीला कुणी कधी बरं म्हटलंय का? तू नोकरीला एवढी नावं ठेवलीस म्हणजे नोकरी भक्कमच असणार. ते सही करणार आहेत. मी हवेत आहे.

आई तेवढी हसली नाही. दोन वाट्यांत ती रात्रीचं जेवते का, असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले, अगं, तीही थट्टाच.

तुझ्या पावलावर पाऊल टाकणारा,
ढब्बू

२१ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रात विनोद नाही. सकाळपासून तीन कागद फाडले, प्रत्येकात एखादा शिरलाच.

मी ढब्बूला जे लिहिलं ते सगळं खरं आहे. एक नाही, दोन हप्ते थकलेत. रात्री बहुतेक वेळा चहा-बिस्किटांवर भागवते. माझी पदवी तुम्ही दुकानात काचेत लावलीत, म्हणून हे सरळ सांगायची लाज वाटत होती.

विषय मला आवडला, आजही आवडतो. पेपर वाचताना कोण कुणाला का गुंडाळतंय ते कळतं आणि बरं वाटतं. पण त्यासाठी दुकान तारण ठेवू नका. ढब्बूला नोकरी मिळायला वर्ष-दोन वर्षं लागली आणि हप्ते थकले तर तुम्ही तिघं खाणार काय? मला झोप येत नाही हो.

त्याला शिकू दे, पण संध्याकाळच्या कॉलेजात. वर्षं जास्त लागतात, फी मात्र पाव हिस्सासुद्धा नाही. दिवसा त्यानं दुकानात काम करावं. त्याला फार वाईट वाटेल, तो मला बोल लावेल. लावू दे. बाबा, सही करू नका.

तुमची,
ताई

२९ जून

चि. प्रोफेसरबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं. तेवढ्यात एक शर्ट खरोखरच जळला. इतकी वर्षं नुसतं म्हणत होतो.

बँकेच्या साहेबाला चहा पाजून कागदांसकट परत पाठवला. ढब्बू दोन दिवस दुकानात फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मागण्या घेऊन उभा राहिला. संध्याकाळचं कॉलेज मान्य, पण दिवसाच्या कामाचा पगार हवा आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी हवी. सुट्टी दिली, पगारावर घासाघीस चालू आहे. तुमचा विषय त्याला जमेलसं दिसतंय. तुझ्यावर मात्र फुगलाय. पत्र तूच आधी लिही.

तू एवढं लिहिलंस आणि मी चार लोकांत हसलो, हे मला फार लागलंय. तुझी आई त्याच दिवशी ओळखून होती. ती मला काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

थकलेले हप्ते दुकान भरेल, त्यावर वाद घालू नकोस. आणि ती नोकरी नकोशी झाली, तर कारण न देता घरी निघून ये. इस्त्री करायला पदवी लागत नाही. पण असली, तर आम्ही चालवून घेऊ.

लोभ आहेच. रात्रीचं जेवत जा.

तुझे,
बाबा