ऊन फक्त चेहऱ्यालाच लागलं

२ मे

चि. सौ. काळूस,
ताईचे भरघोस आशीर्वाद.

तुझी लेक उद्या सकाळच्या गाडीने निघतेय, म्हणून हे पत्र तिच्याच पिशवीत टाकते. तीन आठवड्यांत पोरीने पोहण्यात कमाल केलीय. जूनच्या निवड चाचणीला ती आमच्या तलावाकडून उतरली तर पहिल्या तिघींत येईल, लिहून ठेव. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांचीही लाडकी झालीय, सगळा तलाव तिला छोटी काळू म्हणून हाका मारतो.

तोंडाला थोडं ऊन लागलंय, लाल दिसतंय. उगाच घर डोक्यावर घेऊ नकोस. आणि तू कधी येतेस? त्या चष्म्याच्या दुकानाचं तुझ्यावाचून चार दिवसही चालत नाही का?

लोभ वाढव, तक्रारी कमी कर.
तुझी ताई

५ मे

ती. ताईस,
नमस्कार. आशीर्वाद आज मागत नाही.

थोडं ऊन लागलंय म्हणे. ताई, तू चष्मा लाव. नंबर मी फुकट तपासून देते. पोरगी दारात उभी राहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाकावर आणि गालांवर फोड, डोळ्यांखाली सूज, कपाळाची साल निघतेय. उशीला गाल टेकवत नाही म्हणून उताणी झोपते. शेजारीण म्हणते टूथपेस्ट लावा, हे बर्फ घेऊन धावले, आणि मी नुसती रडत बसले. काय करायचं ते तू लिहिलं नाहीस, कारण तुझ्या मते ते थोडंच होतं ना.

माझी एकुलती एक पोर तुझ्या भरवशावर पाठवली होती. शिट्टी गळ्यात अडकवली की तुला बाकी काही दिसतच नाही. ती आता म्हणते, चाचणी नको, तलाव नको, मी येणारच नाही. दिवसभर आरशाकडे पाठ करून बसते. दुसरीत असल्यापासून जिला पाण्याबाहेर काढायला ओरडावं लागायचं, तिचं पोहणं तू घालवलंस. हे मी विसरणार नाही.

लोभाचं पुढे बघू.
तुझी बहीण

९ मे

चि. सौ. काळूस,
आशीर्वाद, रागातले का होईना.

आधी पोरीचं, मग तुझं. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. मऊ फडकं गार पाण्यात बुडवून थोडा थोडा वेळ चेहऱ्यावर ठेव. फोड फोडू नकोस, साल ओढू नकोस. बिनवासाचं साधं मलम लाव, भरपूर पाणी पाज, बरं होईपर्यंत उन्हात पाठवू नकोस. आणि डॉक्टरला दाखव, शेजारणीला नव्हे.

आता ऐक. माझी पोरं साडेनऊच्या आत पाण्याबाहेर असतात. पाण्यात उतरण्याआधी सनस्क्रीन, बाहेर आल्यावर पुन्हा. आभाळ असलं तरी, कारण ढगांतूनही भाजतं आणि पाण्यावरून ऊन परत तोंडावर येतं. आमच्या सावळ्या पोराला काही होत नाही म्हणणाऱ्या आईबापांनाही मी सोडत नाही. बाकी एकाही पोराला काही झालेलं नाही. तुझ्या लेकीचे हात बघ, मान बघ, पाठ बघ. भाजलाय तो फक्त चेहरा, हनुवटीपर्यंत, आखून घेतल्यासारखा. मला हे कोडं सुटेना.

काल तिच्या खोलीतला पलंग ओढून झाडत होते, तर खाली एक ट्यूब सापडली. पुढे सात दिवसांत गोरेपणा, मागे आत काय आहे याचा पत्ता नाही. तशीच उठून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, असल्या ट्यूबांत पुष्कळदा स्टेरॉइड नाहीतर ब्लीच असतं. रोज लावून कातडी नाजूक होते, मग सकाळचं ऊनही भाजून काढतं. ते लावणं कसं थांबवायचं हेही डॉक्टरलाच विचारायचं, एकदम सोडलं तरी कातडी भडकते म्हणे.

चौदा वर्षांच्या पोरीला ही ट्यूब कोणी आणून दिली, ते विचारत नाही. तुझंच काम. जगाचे डोळे तपासतेस आणि पोटच्या पोरीचा रंग तुला खुपतो? लाज कशी वाटली नाही तुला? वर मलाच बोल लावतेस.

तुझी ताई

१३ मे

ती. ताईस,
नमस्कार.

हो, मीच दिली. दुकानाशेजारून आणली, मागचं काही वाचलं नाही. मी, जी लोकांना दिवसभर बारीक अक्षरं वाचायला लावते. डॉक्टरांनी मला पोरीसमोर झाडलं आणि बरंच केलं. फोड बसतायत. डाग राहणार नाहीत म्हणाले.

पण का दिली, ते तू विचारलं नाहीस. तिनेच मागितली. मागच्या सुट्टीत तुझ्याकडून आली ती दोन दिवस धड जेवली नाही. मग एकदाचं सांगितलं, की मावशी काठावरून छोटी काळू म्हणून ओरडते आणि मग सगळा तलाव ओरडतो. तू लिहितेस, लाडकी झालीय. तिथे उभं राहून ऐक एकदा.

तुझ्या पत्राची पहिली ओळ बघ. आईने ठेवलेलं नाव नाही ते, तू ठेवलेलं. तू गोरी, तुझ्या तोंडी सगळ्यांना गोड वाटलं. माझ्या लग्नात तू त्याच नावाने हाक मारलीस, सासरचे हसले, तेव्हापासून तिकडेही तेच. मी चाळीस वर्षं हसून घेतलं. मला दर वेळी राग यायचा ताई, दर वेळी. लेकीला हसून घेता येईना. तिला तुझ्याशी भांडायला शिकवायचं सोडून मी बावळट, ट्यूब आणून दिली.

पाण्यात ती आजही उतरेल. तुझ्या हाकेला उतरणार नाही.

लोभ होता म्हणूनच गप्प होते.
तुझी बहीण

१८ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हा दुसरा कागद. पहिल्यावर हाताने सवयीने तेच लिहिलं, तो फाडून टाकला.

मला संताप आलाय. तुझा आलाय, की इतक्या वर्षांत एकदा तोंड उघडून माझ्या कानाखाली ओढली नाहीस. आणि माझा तर विचारू नकोस. काल एका पोराने विचारलं, छोटी काळू कधी येणार. त्याला झापायला निघाले आणि थांबले, कारण त्याला ते शिकवलं कोणी? मग सगळ्यांना काठावर बसवून सांगितलं, की ते नाव मी ठेवलं होतं आणि ते चुकलं. यापुढे कोणाच्या तोंडून ऐकलं तर तो आणि मी, दोघेही फेऱ्या मारत बसू. कोणी हसलं नाही.

डॉक्टर हो म्हणाले तर पहाटेची वेळ तिच्यासाठी ठेवते, ऊन चढायच्या आत बाहेर. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घेऊन ठेवलाय. यायचं की नाही ते तिने ठरवावं. हाक काय मारू, तेही तिनेच सांगावं.

लोभ ठेव म्हणायला तोंड राहिलं नाही. तरी ठेव.
ताई

२६ मे

ती. मावशीस,
नमस्कार.

साल गेली. नाक अजून दोन रंगांचं आहे. डॉक्टर पहाटेला हो म्हणाले. मी पुढच्या सोमवारी येते. आई सोडायला येणार आहे, छत्री घेऊन.

मला अजून राग आहे. आईचा थोडा, तुझा जास्त.

हाक मारू नकोस. शिट्टी वाजव, मी येईन.

तुझी भाची