बुधाचा पाय आणि माझी जर्सी

मी प्रितेश केसरीनाथ भोईर, वय २३, राहणार टेमघर, भिवंडी. डोकं ठिकाणावर आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही, हे माझं मीच लिहितोय. शनिवारी सायकलच्या रेससाठी मलेशियाला चाललोय. मागच्या रेसमध्ये ताशी साठच्या स्पीडला पुढचा रायडर पडला आणि मी त्याच्या अंगावरून गेलो. त्याचा जबडा फुटला, माझ्या मांडीत ट्रॅकच्या लाकडाची वीतभर ढलपी घुसली. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. म्हणून हे मृत्युपत्र.

१. माझ्या नावावरचा गोडाऊनचा गाळा बहीण उन्नतीला. मितेशदादाला काही नाही. त्याने माझी पहिली सायकल कोयत्याने तोडली. "गोल गोल फिरून पोट भरतं काय रं?" म्हणाला. आई मध्ये आली तर तिलाही ढकललं.

२. रेसची सायकल आणि बँकेतलं सगळं दिघाशीच्या बुधा नवशा वाघेला. कारण २००४ च्या सिलेक्शन ट्रायलमध्ये शेवटच्या लॅपला तो माझ्यापुढे होता आणि जागा एकच होती. मी कोपर मारलं. मुद्दाम. तो रेलिंगवर आपटला, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो ओरडत होता आणि मी पेडल मारत होतो. चौकशीत मी सांगितलं, त्याची चेन उतरली. सगळ्यांनी मानलं. इंडियाची जर्सी मला मिळाली, पाच देशांत धावलो, दोन मेडल आणली. बुधा लंगडत लूमवर तागे उचलतो.

३. काल हे वाचून दाखवायला त्याच्या घरी गेलो. वरचं कलम संपायच्या आत त्याने चुलीजवळचं लाकूड उचलून माझ्या तोंडावर घातलं. दोन दात गेले. त्याची आई ठकी ओरडली, "सोड रं, मरल तो!"

"मरू दे! चार वर्सं लोकं मना हसली, चेन बी बसवता येत न्हाय म्हनून."

मी हात उचलला नाही. याची पोलीस केस कोणीही करू नये. या कागदाची झेरॉक्स आज सकाळी सायकल असोसिएशनला दिली. शनिवारचं मलेशियाचं तिकीट आता बहुतेक रद्द होईल.

४. आज सहीसाठी वकील तरेकाकांना घेऊन पुन्हा बुधाच्या घरी आलो, तर साक्षीदार एक कमी होता. बुधा म्हणाला, मी करतो सही. वकीलकाकांनी बजावलं, साक्षीदार झालास तर तुला यातलं काही मिळणार नाही.

"यानं मना पाडला, ह्ये लिवलंय ना यात?"

"लिहिलंय," मी म्हटलं.

"मंग पेन दे."

कलम दोनमधलं देणं रद्द. बाकी सगळं तसंच ठेवावं.

सही: प्रितेश के. भोईर
साक्षीदार: ॲड. दामू तरे, टेमघर
साक्षीदार: बुधा नवशा वाघे, दिघाशी

दिघाशी, ता. भिवंडी
१४ ऑक्टोबर २००८